जी मोजते, तिला अधिकार किती?

बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००२ ते २००५ या काळात एक अभ्यास झाला. जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना तो ठाऊक आहे. परंतु खानापूर, बैलहोंगल किंवा चिकोडीच्या सामान्य माणसाला त्याची फारशी माहिती नाही आणि खेदाची गोष्ट अशी की, आमच्याच वॉर्डांत काम करणाऱ्या तरुण सिस्टरांनाही ती क्वचितच असते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल हे औषध ६०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेत तोंडावाटे दिल्यास उपयोग होतो का, हे त्या अभ्यासात पाहिले गेले. १६२० स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना औषध मिळाले आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. ज्यांचे ५०० मिली किंवा त्याहून अधिक रक्त गेले, अशांचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात १२ टक्के होते, तर औषध मिळालेल्या गटात ६.४ टक्के. ज्यांचे लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त गेले, त्यांचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून केलेले हे काम २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या अभ्यासातील औषधाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ही बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात झाली होती. गोळी देणाऱ्या, रक्त मोजणाऱ्या आणि स्त्रीजवळ थांबून तिच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या त्या सगळ्या एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-सुईणी, होत्या. त्या क्षणी तिथे डॉक्टर नव्हते. गोळी केव्हा द्यायची, किती द्यायची, काय मोजायचे आणि कोणत्या परिस्थितीत स्त्रीला पुढे पाठवायचे, हे डॉक्टरांनी आधी बसून ठरवले, शिकवले आणि मग तो निर्णय त्या एएनएमच्या हाती सोपवला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या सहकार्याविषयी बोलताना आपण नेहमी सौजन्याविषयी बोलतो, एकमेकांशी नीट बोलावे, मान ठेवावा असे सांगतो. ते हवेच. पण माझ्या मते सहकार्याची खरी कसोटी एकच आहे. परिचारिकेला जे दिसले, त्याचे वेळेत निर्णयात रूपांतर झाले की नाही?

मी खानापूर तालुक्यातील. अनेक वर्षे बेळगावच्या रुग्णालयांतील वॉर्डांत आणि अतिदक्षता विभागात काम केल्यानंतर आता नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, ते एका बाजूने उभे राहून लिहिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरीही डॉक्टरांवर राग काढण्यासाठी मी लिहीत नाही, कारण ज्यांच्याकडून मी सर्वाधिक शिकले त्यांच्यापैकी बरेच जण डॉक्टरच होते.

त्याच काळात बेळगावातून आणखी एक साधी वस्तू पुढे आली. प्रसूतीनंतर स्त्रीच्या कमरेखाली पसरायचे प्लॅस्टिकचे आच्छादन, ज्याच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. याआधी रक्त किती गेले, हे नजरेने ठरत असे. डॉक्टर म्हणत, ‘तीनशे असेल.’ सिस्टरला ते पाचशे वाटले, तरी ती काय म्हणणार? येथील संशोधकांनी नजरेचा अंदाज आणि पिशवीतील मोजमाप यांची तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरत असल्याचे आढळले. हा दोष कुणा एकाचा नव्हता. अनुभवी डोळेही चादरीत आणि गादीत मुरलेले रक्त पाहू शकत नाहीत. परंतु त्या पिशवीने मोजमापाबरोबर आणखी एक काम केले, ज्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. जोवर रक्त ‘जास्त’ किंवा ‘थोडे’ होते, तोवर प्रश्न कोणाचे मत मोठे, हा होता आणि त्याचे उत्तर नेहमी ठरलेले असे. पिशवी ५०० च्या खुणेपर्यंत भरली की मताचा प्रश्न उरत नाही. प्रशिक्षण नुकतेच संपवून आलेली मुलगीसुद्धा ती खूण दाखवू शकते.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत अशाच खुणांच्या आच्छादनाचा वापर करून फार मोठा अभ्यास झाला. रक्त मोजायचे आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच गर्भाशय चोळणे, गर्भाशय आकुंचन पावण्याची औषधे, रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि रक्तस्रावाच्या कारणाचा शोध हे सर्व एकापाठोपाठ एक न थांबता करायचे, अशी त्याची रचना होती. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होते, तर या पद्धतीत १.६ टक्के. अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी ९३ टक्के स्त्रियांच्या बाबतीत तो वेळीच लक्षात आला. जुन्या पद्धतीत हे प्रमाण ५१ टक्के होते. यातील बरेचसे काम रुग्णालयांतील प्रशिक्षित सुईणींच्या हातून झाले. ‘सर येईपर्यंत थांबा’ ही पायरीच त्यातून काढून टाकलेली होती.

आमच्याकडे ती पायरी अजून भक्कम उभी आहे.

रात्रीच्या ड्यूटीत फोन करणे हा नव्या सिस्टरसाठी भीतीचा विषय असतो. समोरचा रेसिडेंट डॉक्टर आदल्या सकाळपासून जागा असतो, त्याला त्या रात्री असे कितीतरी फोन आलेले असतात आणि त्यातले काही अनावश्यकही असतात, हे मान्य केले पाहिजे. मुलगी घाबरत सांगते, ‘सर, सात नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाही.’ पलीकडून प्रश्न येतो, ‘बीपी किती?’ तिने ते सांगितले की उत्तर मिळते, ‘ठीक आहे, लक्ष ठेवा.’ आता या संभाषणात उद्धटपणा कोणाचाही नाही, तरी रुग्ण होता तिथेच राहिला. हीच मुलगी जर असे म्हणाली, ‘सर, मी प्रसूती वॉर्डातून बोलते. बेड सात, तीन तासांपूर्वी सिझेरियन झाले आहे. नाडी तासाभरात ९६ वरून १२८ झाली, बीपी १००/६० आहे, तासाभरात लघवी फक्त १५ मिली झाली आहे आणि पोट फुगल्यासारखे लागते. आत रक्तस्राव होत असावा असे मला वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे. तोवर मी दुसरी लाइन लावते आणि क्रॉसमॅचसाठी रक्त पाठवते,’ तर झोपेतला डॉक्टरही उठून बसतो. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले निदान आणि आपली सूचना, या क्रमाने बोलण्याची ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली आणि आज ती एसबीएआर या नावाने बहुतेक नर्सिंग महाविद्यालयांत शिकवली जाते.

शिकवली जाते, पण वापरली जात नाही, आणि त्याचे कारण मला स्पष्ट दिसते. पहिले दोन भाग मुली चटकन उचलतात. तिसरा आणि चौथा भाग, म्हणजे ‘मला असे वाटते’ आणि ‘आपण असे करावे’, त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही. निदान करणे हे आपले काम नव्हे, असे त्यांच्या मनावर पहिल्या वर्षापासून बिंबवलेले असते. लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये याविषयी एक लेख लिहिला होता. परिचारिकेने सल्ला तर द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये आणि डॉक्टरने तो घ्यायचा, पण विचारल्यासारखे दिसता कामा नये, असा एक खेळ दोघांत चालतो, असे त्याचे निरीक्षण होते. इतक्या वर्षांनंतरही तो खेळ मला आमच्या वॉर्डांत जसाच्या तसा दिसतो. दम लागलेल्या रुग्णाच्या छातीत घरघर ऐकू येत असते. इनचार्ज सिस्टर हलक्या आवाजात म्हणते, ‘सर, परवाच्या त्या आजोबांना आपण लॅसिक्स दिल्यावर लगेच आराम पडला होता.’ (लॅसिक्स म्हणजे अंगातले जास्तीचे पाणी लघवीवाटे काढणारे औषध.) सर थोडे थांबतात आणि म्हणतात, ‘हं, लॅसिक्स ४० देऊन टाका.’ रुग्णाला बरे वाटते आणि कोणाचाही मान दुखावत नाही. म्हणून अनेक जण या कौशल्याचे कौतुक करतात. मी करत नाही. जुन्या, मुरलेल्या सिस्टरला ही वळणे जमतात. परंतु रात्री दोन वाजता एकटी असलेली नवी मुलगी ती घेऊ शकत नाही आणि तीच नेमकी तेव्हा रुग्णाजवळ असते.

आमच्या सीमाभागात या निरोपाच्या साखळीत आणखी कड्या आहेत. चंदगडहून किंवा निपाणीकडून आलेल्या आजीबाई मराठीत बोलतात, गोकाक-सौंदत्तीकडचे रुग्ण कन्नडमध्ये बोलतात, सिस्टर कदाचित केरळची असते, रेसिडेंट दूरच्या राज्यातला असतो आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. ‘सिस्टर, हिला कसंतरी व्हायलंय, बघा की वो,’ असे नातेवाईक येऊन सांगतात, तेव्हा त्या ‘कसंतरी’त कधी भूक असते, कधी भीती आणि कधी हृदयविकाराचा झटका असतो. यातले काय आहे, हे शेजारी बसून, हात धरून आणि चार प्रश्न विचारूनच कळते आणि ते करायला राउंडच्या घाईतल्या डॉक्टरला सवड नसते. ज्या स्थानिक सिस्टरांना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येतात, त्या येथे नुसत्या दुभाष्या नाहीत, रुग्णाचा अर्धा इतिहास त्यांच्याकडे असतो. तो कागदावर यावा यासाठी एकाही केसपेपरमध्ये रकाना नाही, हे मला अनेक वर्षे खटकते.

याचा मृत्यूंशी संबंध काय, असे कोणी विचारेल. १९८६ मध्ये अमेरिकेतील १३ मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील ५०३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण किती गंभीर आहेत हे पाहून किती मृत्यू अपेक्षित आहेत, ते आधी काढले गेले आणि मग प्रत्यक्ष मृत्यूंशी त्याची तुलना केली गेली. एका रुग्णालयात ६९ मृत्यू अपेक्षित असताना ४१ झाले; दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा ५८ टक्के अधिक झाले. हा फरक यंत्रसामग्रीपेक्षा किंवा रुग्णालय शिक्षणसंस्थेशी जोडलेले आहे की नाही यापेक्षा, तेथील डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील संवाद आणि समन्वय यांच्याशी अधिक निगडित असल्याचे संशोधकांना दिसले. पुढे २००६ मध्ये मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांचा अनुभव प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, ही पाच पथ्ये तेथे ठरवण्यात आली होती. पथ्ये नवी नव्हती. नवे होते ते हे की, डॉक्टरने एखादे पथ्य चुकवले, तर परिचारिकेने त्याला तिथेच थांबवावे, असे संस्थेने जाहीर केले होते. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) रक्तातील जंतुसंसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ पर्यंत खाली आले.

थांबवण्याचा अधिकार ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या समाजात वय, शिक्षण, जात आणि पुरुष असणे, या सगळ्यांचे वजन एकाच वेळी डॉक्टरच्या बाजूला पडते. अशा वेळी विशीतल्या मुलीने पन्नाशीतल्या सर्जनला ‘सर, हातमोजे बदला’ म्हणावे, ही अपेक्षा तिच्या धैर्यावर सोडून देणे अन्यायाचे आहे. तो नियम सर्जनच्या वरिष्ठाने, सर्वांसमोर, लेखी जाहीर करायला हवा.

सर्पदंशाच्या वॉर्डात असे नियम किती उपयोगी पडतात, ते मी जवळून पाहिले आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगड भागातून भातशेतीत काम करणारी माणसे दंश झालेल्या अवस्थेत येतात. घोणस चावल्याचा संशय असेल, तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायचे. रक्त गोठले नाही, तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे, असे समजायचे. नळी साबणाने धुतलेली असेल, तर रक्त न गोठण्याचा खोटा निकाल येऊ शकतो आणि कोणती नळी कशी धुतली गेली, हे डॉक्टरला नव्हे तर सिस्टरला ठाऊक असते. मण्यार चावल्यावर दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूजही नसते; पापण्या हळूहळू जड होऊ लागतात आणि ते सर्वप्रथम तिथे बसलेल्या सिस्टरच्या लक्षात येते. विषप्रतिबंधक औषध सुरू केल्यावर पहिल्याच काही मिनिटांत अंगावर गांधी उठू शकतात, श्वास अडकू शकतो, बीपी उतरू शकते. त्या क्षणी औषध थांबवून मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन द्यावे लागते. जिथे वरिष्ठ डॉक्टरांनी हा आदेश आधीच लिहून, सही करून भिंतीवर लावलेला असतो आणि ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेले असते, तिथे सिस्टर ते देते आणि मग फोन करते. जिथे तसे नसते, तिथे ती आधी फोन करते. या दोन वाक्यांतील अंतर काही मिनिटांचेच असते, पण गुदमरणाऱ्या माणसाजवळ तेवढीच मिनिटे असतात.

आता आमच्या बाजूचे दोष. ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या टीपीआर चार्टवर श्वासाचा आकडा बहुतेक ठिकाणी १८ किंवा २० असा ओळीने भरलेला दिसतो, कारण पूर्ण मिनिटभर थांबून श्वास कोणी मोजलेलेच नसतात. प्रकृती बिघडण्याची पहिली खूण अनेकदा श्वासाच्या गतीतच दिसते, हे पुस्तकात वाचलेले असूनही. जिच्या आकड्यावर एकदा विश्वास ठेवून फसगत झाली, तिच्या पुढच्या दहा फोनांकडे डॉक्टर दुर्लक्ष करतो आणि मला त्याचे फार चूक वाटत नाही. अधिकार मागायचा, तर मोजमाप प्रामाणिक हवे. अर्थात, एका सिस्टरकडे रात्री तीस-चाळीस रुग्ण असतील, तर ती प्रत्येकासाठी मिनिट कोठून आणणार, हाही प्रश्न खराच आहे. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ मधील अभ्यासात एका परिचारिकेमागे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे दिसले होते. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसूतिविद्या आयोग कायद्याने १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायची आहे. त्यातून वॉर्डातील ही संख्या बदलेल का, ते पाहायचे.

एका वरिष्ठ फिजिशियनांची पद्धत मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहत नव्हती. ते राउंडला येत, तेव्हा पीजी, म्हणजे पदव्युत्तर, विद्यार्थ्याने केस सांगण्यापूर्वी त्या खाटेच्या सिस्टरला विचारत, ‘रात्र कशी गेली? तुम्हाला काय वाटते?’ सुरुवातीला सिस्टर ‘ठीक आहे सर’ एवढेच म्हणत. ते पुढच्या खाटेकडे जात नसत. ‘ठीक म्हणजे काय? जेवले किती? झोपले का? कालच्यापेक्षा काय वेगळे दिसते?’ असे विचारत उभे राहत. काही आठवड्यांत सिस्टर रात्रीच्या नोंदी राउंडच्या दृष्टीने लिहू लागल्या आणि पीजी विद्यार्थी राउंडपूर्वी येऊन त्या नोंदी वाचू लागले. रुग्णासमोर सिस्टरचे मत विचारले गेल्यामुळे नातेवाइकांच्या वागण्यातही फरक पडला. औषधाच्या वेळेविषयी तिने सांगितलेले ते आता ऐकू लागले. त्या फिजिशियनांनी कधी सहकार्यावर भाषण दिल्याचे मला आठवत नाही.

आमच्या विद्यार्थिनींकडून रात्रीच्या फोनचा सराव आम्ही वर्गात करून घेतो. एक मुलगी सिस्टर होते, दुसरी डॉक्टर होते आणि डॉक्टर झालेली मुलगी मुद्दाम त्रासिक आवाजात बोलते. ‘मला असे वाटते’ हे शब्द सहज येईपर्यंत तेच पुन्हा करायचे. परंतु यात डॉक्टरची भूमिका मुलींनीच करावी लागते, हे अपुरे आहे. जो इंटर्न पुढच्या महिन्यात खरोखरच तो फोन उचलणार आहे, त्याने येथे येऊन बसले पाहिजे, रक्त मोजण्याची ती खुणांची पिशवी स्वतः हाताळली पाहिजे, चार्ट भरून पाहिला पाहिजे आणि कोणत्या आकड्याला सिस्टरने त्याची वाट न पाहता काय करायचे, ते तिच्याबरोबर लिहून ठरवले पाहिजे. त्यासाठी वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांच्या वेळापत्रकांत आठवड्यातील एक दुपार सामायिक ठेवावी, अशी माझी मागणी आहे आणि येत्या सत्रापूर्वी ती दोन्हीकडच्या प्राचार्यांपुढे लेखी मांडणार आहे.